बरे झालेल्या माणसाचे स्तोत्र

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात मला न्युमोनिया झाला आणि १९ दिवस मी रुग्णालयात पडून होते. दिवाळीच्या फराळाच्या ताटाशेजारी आजारपणाची कहाणी वाढणे बरे दिसत नाही, हे मला कळते. पण पुढे ज्या तीन कृतींविषयी मी लिहिणार आहे, त्यांच्याकडे मी विद्वत्तेच्या वाटेने गेले नाही. ती माझी वाटच नव्हे. मॅट्रिकनंतर माझे शिक्षण झाले ते वर्गातल्या मुलांकडून आणि वाचनालयाच्या कपाटांतून. या कृतींकडे मी गेले ती एका अडचणीमुळे, आणि ती अडचण लपवून समीक्षेचा आव आणला तर चाणाक्ष वाचक पहिल्याच पानावर मला पकडतील.

अडचण अशी. मी घरी आले त्या संध्याकाळी सासूबाईंनी देवघरात निरांजन लावले आणि मला म्हणाल्या, “अगं, नमस्कार कर आणि देवाशी दोन शब्द बोल. त्यानंच परत आणलंय तुला.” मी नमस्कार केला. शब्द मात्र एकही आला नाही. एरवी फळ्यासमोर उभी राहिले की तास संपल्याची घंटा झाली तरी न थांबणारी मी. चार कादंबऱ्यांतल्या पात्रांच्या तोंडी पानेच्या पाने घातलेली मी. आणि देवासमोर घशात आवंढा.

कारण मला ठाऊक होते. माझ्या पलीकडच्या खाटेवर साठीच्या एक बाई होत्या. तोच रोग, तेच डॉक्टर, जवळजवळ तीच औषधे. माझ्यापेक्षा त्यांनाच आधी उतार पडेल असे सगळे म्हणत होते. त्यांच्या डब्यातली मुगाची पातळ खिचडी त्यांनी दोनदा मला दिली होती. बाराव्या रात्री स्ट्रेचरच्या चाकांचा आवाज झाला, पडदा ओढला गेला, आणि सकाळी त्या खाटेवर नवी चादर होती. मला देवाने परत आणले असेल, तर त्यांना कुणी नेले? माझे आभार त्या चादरीवरून पाय देऊन जाणार होते. ते जाईनात.

अशा वेळी शिक्षकाला दुसरे काय सुचणार? मी पुस्तके काढली. बरे झालेल्या माणसाने देवाला काय म्हणावे, हे आधी कुणीतरी म्हणून ठेवले असेलच की!

आणि येथे पहिले आश्चर्य वाट्याला आले. आपल्या मराठीत हाक फार मोठी आहे. समर्थांची करुणाष्टके घ्या, मोरोपंतांची ‘केकावली’ घ्या. मेघाला पाहून मोराने टाहो फोडावा तसा पंतांनी पृथ्वी वृत्तात फोडलेला तो टाहो अजूनही कानाला गोड लागतो. संकटात सापडलेला, अपराधी, व्याकूळ झालेला भक्त आपल्या कवितेत पदोपदी भेटतो. पण संकट टळल्यानंतरचा भक्त? अंथरुणातून उठून, भिंतीला धरून अंगणापर्यंत आलेला माणूस? माझ्या तुटपुंज्या वाचनात तरी तो क्वचितच भेटला. दुखणे बोलके असते आणि बरे होणे मुके, असा काही हा प्रकार असावा. बायबलात दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट आहे: येशूने दहाही जणांना बरे केले आणि आभार मानायला परत फिरला एकच, तोही परका, शोमरोनी. प्रवचनकार उरलेल्या नऊ जणांना फार बोलतात. मला त्यांची बाजू दिसते. किती वर्षांनी अंग स्वच्छ झालेले, त्यांना याजकांना दाखवून यायला सांगितलेले. ती माणसे धावत सुटली असतील, आणि तिथून आधी घरी गेली असतील. बरे वाटू लागले की माणसाला घर दिसते.

आपली भाषाही येथे थोडी आडवी येते. आपण नवस ‘फेडतो’. कर्ज फेडावे तसा. उपकारातून ‘उतराई’ होतो, म्हणजे डोक्यावरचे ओझे खाली ठेवतो. ‘आभार’ या शब्दातही भार आहेच. सत्यनारायणाची पोथी ज्या घरात वाचली जात नाही असे घर विरळा. त्या पोथीतल्या साधुवाण्याची कथा आठवा. मूल झाले की पूजा करीन म्हणाला, मुलगी झाली. लग्नात करीन म्हणाला, लग्न झाले. मग जे भोगायचे ते त्याने भोगले. लहानपणी ही कथा ऐकताना मला देव म्हणजे वसुलीला दारात उभा राहिलेला कुणी सावकार वाटे. पोथीची थट्टा करण्याचा माझा हेतू नाही. प्रसादाच्या शिऱ्यापुरती का होईना, तिच्यावर माझीही भक्ती आहे. पण या सगळ्या शब्दांत एक शब्द निराळा पडतो, तो ‘कृतज्ञ’. कृत म्हणजे केलेले, ते जो जाणतो तो कृतज्ञ. त्यात फेडणे नाही, ओझे नाही, देवाणघेवाण नाही. केवळ जाणणे आहे. ज्या तीन कृती मला अखेरीस उपयोगी पडल्या त्या या जाणण्याच्या आहेत, आणि तिन्ही मराठीबाहेरच्या आहेत. त्याला माझा इलाज नाही.

पहिली मला सापडली ती रुग्णालयातच. रात्रपाळीची सिस्टर केरळची होती. पहाटे कामे आटोपली की ती आपल्या मोबाइलवर अगदी हळू आवाजात एक संस्कृत स्तोत्र लावी. पी. लीला यांचा आवाज. अर्थ कळत नव्हता, पण मधूनमधून ‘वात’ आणि ‘पवन’ हे शब्द कानी येत. पुढे घरी आल्यावर देवनागरीत छापलेली, हिंदी अर्थ असलेली प्रत मिळवली. ते होते ‘नारायणीय’. मेल्पत्तूर नारायण भट्टतिरी यांनी गुरुवायूरच्या देवळात बसून रचलेले, १५८६ साली पुरे झालेले.

त्यामागची कथा केरळात लहान मुलालाही ठाऊक असते. भट्टतिरींचे गुरू अच्युत पिषारटी. व्याकरण आणि ज्योतिष या दोन्ही शास्त्रांत नावाजलेले. त्यांना वाताने पछाडले. शिष्याने गुरूचे दुखणे आपल्या अंगावर मागून घेतले, अशी आख्यायिका आहे. तिशीही न गाठलेला तो तरुण जखडलेल्या अंगाने गुरुवायूरला आला. त्याने काय करावे असे विचारले तेव्हा एळुत्तच्छन या थोर कवीने निरोप धाडला की माशापासून आरंभ कर. ब्राह्मणाला मासे खायला सांगतो म्हणून बाकीचे चिडले. भट्टतिरींना अर्थ कळला. मत्स्यावतारापासून देवाच्या लीला गा. रोज एक दशक, असे शंभर दिवस, शंभर दशके. भागवताचे अठरा हजार श्लोक त्यांनी हजाराच्या घरात आणले.

आख्यायिकेचे काय, ती खरी मानावी किंवा मानू नये. समीक्षकाने पाहायचे ते पुढ्यातले काव्य. आणि त्या काव्यात एक अशी गोष्ट आहे की तिच्याविषयी कुणाशी तरी बोलल्याशिवाय मला राहवेना. शेवटी शाळेत मधल्या सुट्टीत गणिताच्या बाईंना धरून सांगितली. भागवत हे शुकाने परीक्षिताला सांगितलेले आहे. देव तिथे ‘तो’ आहे: त्याने पृथ्वी वर काढली, त्याने लोणी चोरले. भट्टतिरींनी सबंध भागवत फिरवून ‘तू’मध्ये सांगितले. तू माशाचे रूप घेतलेस, तू खांबातून निघालास, तू यशोदेच्या उखळाला बांधला गेलास. देवाचेच चरित्र देवालाच सांगायचे! वरवर पाहता याला काही अर्थ नाही. ऐकणाऱ्याला ते सगळे ठाऊकच आहे. पण आजारी माणसाच्या उशाशी बसलेली आजी काय करते? ‘तू लहान होतास ना, तेव्हा असा पडलास, असा रडलास,’ हेच सांगत बसते. येथे आजारी माणूस आजीच्या जागी बसला आहे आणि देवाला त्याचे बाळपण सांगतो आहे. एका सर्वनामाच्या बदलाने पुराणाचे पत्र झाले. मोठमोठ्या अलंकारांनी जे साधत नाही ते या लहानशा व्याकरणाने साधले आहे, आणि भट्टतिरी मुळात वैयाकरणच होते. ‘प्रक्रियासर्वस्व’ हा त्यांचा व्याकरणग्रंथ पंडितांत मान्य आहे.

बहुतेक दशकांच्या शेवटी मात्र कथा थांबते आणि दुखणे बोलते. हिरण्यकशिपू मारून झाला, गोवर्धन उचलून झाला, आता माझ्याकडे पाहा, हे माझे रोग दूर कर. गुरुवायूर हे वायूचे गाव. कवी त्या गावाचे नाव सतत पालटून घेतो: वातालय, मरुत्पुर, पवनपुर. वाताचा रोगी वाताच्या गावच्या धन्याकडे वाताची तक्रार घेऊन आला आहे! पहिल्यांदा हे वाचताना मला हसू आले, दहाव्यांदा वाचताना कंटाळा आला, आणि पन्नासाव्या दशकापाशी डोळ्यांत पाणी आले. कंटाळा आला हेही नोंदवलेच पाहिजे. सगळी दशके सारख्या तोलाची नाहीत. तत्त्वज्ञानाची काही दशके इतकी दाटीवाटीने भरली आहेत की भागवत आधी ठाऊक नसेल तर तिथे श्वास कोंडतो. वृत्तांवरची हुकमत दाखवण्याचा मोहही कवीला मधूनमधून होतो. पण रोज संध्याकाळी तेच मागणे नव्या शब्दांत मागावे लागणे, यातच रोग्याचा दिवस आहे. डॉक्टरांच्या फेरीच्या वेळी मीही रोज तोच प्रश्न निराळ्या शब्दांत विचारीत होते.

आता कोणी म्हणेल, हे तर मागणे झाले, आभार कुठे आहेत? खरे आहे. नव्व्याण्णव दशकांत ते नाहीत. शंभराव्यात एकाएकी मागणे थांबते. कवीला समोर तेज दिसते, त्या तेजात मूर्ती दिसते, आणि तो केसांपासून पायांपर्यंत तिचे वर्णन करीत जातो. ‘तू मला बरे केलेस’ असे तो म्हणत नाही. तो फक्त पाहतो. इतके दिवस ज्याचे लक्ष स्वतःच्या सांध्यांवर होते त्याला स्वतःखेरीज दुसरे काही दिसू लागले, हेच बरे होणे. आणि हेच आभार. जाणणे म्हणतात ते हे असावे. अगदी शेवटचा शब्द ‘आयुरारोग्यसौख्यम्’. केवळ आशीर्वाद म्हणून तो पुरेसा आहे. पण कटपयादी पद्धतीने त्यातल्या अक्षरांचे अंक घेऊन उजवीकडून मांडले तर १७१२२१० ही संख्या येते, आणि कलियुगाच्या आरंभापासून तितक्याव्या दिवशी हे काव्य पुरे झाले. म्हणजे बरे झाल्याची तारीखच त्याने ‘आरोग्य’ या शब्दात कोरून ठेवली. आमच्या वर्गातल्या मुलांनी हा हिशेब फळ्यावर करून पाहिला आणि बरोबर आल्यावर टाळ्या वाजवल्या.

येथे थांबता आले असते. पण केरळी लोकांनी या कथेला एक शेपूट जोडले आहे, आणि ते मला फार मोलाचे वाटते. पून्तानम नावाचे एक साधे भक्तकवी मल्याळममध्ये लिहीत. त्यांनी आपले काव्य तपासायला भट्टतिरींकडे आणले. पंडितांनी ते देशी भाषेतले म्हणून परत केले. त्या रात्री देवाने सांगितले की तुझ्या विभक्तीपेक्षा मला त्याची भक्ती अधिक आवडते. ही कथा रचणाऱ्याने नुसता श्लेष साधलेला नाही. नुकताच बरा झालेला माणूस किती लवकर पूर्वीसारखा होतो, हे त्याने पाहिले आहे. पंधरा दिवसांपूर्वी पाणी पाजणाऱ्या सिस्टरचा हात धरून रडणारी मी, घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी कामवाल्या मावशींवर फरशीच्या डागावरून ओरडले होते.

तरीही माझा मूळ प्रश्न नारायणीयात सुटला नाही. भट्टतिरींच्या देवळात दुसरी खाट नाही. गुरूचे दुखणे आहे, पण ते आख्यायिकेत. श्लोकांत रोगी एकटाच आहे.

दुसरी खाट मिळाली ती लंडनला. जॉन डन हा कवी सेंट पॉल या मोठ्या चर्चचा प्रमुख धर्मोपदेशक होता. १६२३ च्या अखेरीस त्याला भयंकर ताप आला. (याच वर्षी काशीत तुलसीदासांचा अंत झाला. त्यांनी हाताच्या वेदनेने तळमळत ‘हनुमानबाहुक’ रचले. त्यावर वेगळे लिहायला हवे. तेही मागणेच आहे, आणि देवाला चांगलेच फैलावर घेणारे मागणे आहे.) डन बरा होत होता तेवढ्यातच त्याने अंथरुणात लिहिलेले गद्य १६२४ मध्ये छापूनही झाले. पुस्तकाचे तेवीस टप्पे आहेत, रोगाच्या चढउताराप्रमाणे: पहिला फटका, अंथरूण, वैद्य येणे, राजाने आपला स्वतःचा वैद्य पाठवणे, तळपायांना कबुतरे बांधणे. प्रत्येक टप्प्यात तीन भाग: आधी चिंतन, मग देवाशी वाद, मग प्रार्थना. वाद मधोमध आहे हे लक्षात घ्या. आपल्याकडे भक्त देवाशी भांडतो तो प्रेमाने, तुकोबांसारखा. डन भांडतो तो वकिलासारखा, वचनांचे दाखले देऊन. तो दोष म्हणावा इतका चतुर आहे. घामाचा एक थेंब आला की त्याचे प्रवचन होते. रोगी थकला तरी त्याच्यातला उपदेशक झोपत नाही, आणि सबंध पुस्तक एका बैठकीत वाचले तर वाचकच आजारी पडेल.

पण सोळा, सतरा आणि अठरा हे टप्पे! डन पडून आहे आणि शेजारच्या चर्चची घंटा वाजते. दुसऱ्या कुणासाठी. आधी ती आठवण करून देते, मग कोणीतरी मरणोन्मुख असल्याचे सांगते, मग तो गेल्याचे. तो कोण हे डनला ठाऊक नाही. तो म्हणत नाही की सुटलो, घंटा माझी नव्हती. तो म्हणतो ती माझीही होती. कुणीही गेला तरी माझ्यातले काही जाते. हेमिंग्वेने १९४० मध्ये आपल्या कादंबरीचे नाव या सतराव्या टप्प्यातूनच घेतले. त्यामुळे ते वाक्य जगभर झाले, आणि होता होता सुविचारांच्या फळ्यावर जाऊन बसले. आमच्या शाळेतही ते आहे, खडूने सुबक अक्षरात. परंतु पुस्तकात ते कुठे येते हे पाहिले पाहिजे. एकोणिसाव्या टप्प्यात वैद्यांना डनच्या बरे होण्याची चिन्हे दिसतात. म्हणजे त्याचे बरे होणे त्या शेजाऱ्याच्या मृत्यूनंतर लगेच येते, पानाला पान लागून. डनने हा क्रम लपवला नाही. एकविसाव्या टप्प्यात तो उठून उभा राहतो तेव्हा वाचकाच्या कानात अजून ती घंटा आहे. त्याच्या आभारांच्या खाली दुसऱ्याचे मरण आहे आणि ते त्याला ठाऊक आहे. स्ट्रेचरच्या चाकांचा आवाज मला चारशे वर्षांपूर्वीच्या या पुस्तकात ऐकू आला.

त्याने माझे उत्तर दिले काय? नाही. पण प्रश्न बरोबर घेऊनच नमस्कार करता येतो, एवढे त्याच्या रचनेने दाखवले. शिवाय त्याचा शेवट पाहा. तेविसाव्या टप्प्यात आनंदोत्सव नाही. वैद्य सांगतात, दुखणे उलटू शकते, जपून राहा. आणि पुस्तक त्या भीतीवर संपते. काही टीकाकारांना हा शेवट मनाला लागेल, काहींना तो पडेल वाटेल. ज्यांनी घरी आल्यावर पहिल्या खोकल्याला दचकून रात्र काढली आहे, त्यांना त्याचा खरेपणा पटवून द्यावा लागणार नाही.

तिसऱ्या कृतीत शब्दच नाहीत, त्यामुळे तिच्याविषयी लिहिताना मी थोडी घाबरते. पाश्चात्त्य संगीतातले मला फारसे कळत नाही. आमच्या शाळेतल्या संगीताच्या सरांनी ती ऐकवली. बेथोवनला १८२५ च्या एप्रिलमध्ये आतड्यांचा गंभीर आजार झाला. डॉ. ब्राउनहोफर यांनी मद्य, कॉफी, मसाले सारे बंद केले. उठल्यावर त्याने जे चौवाद्य पुरे केले (दोन व्हायोलिने, एक व्हियोला, एक चेलो) त्याच्या मधल्या भागाला त्याने स्वतः लांबलचक मथळा दिला: बरे झालेल्याचे देवाला कृतज्ञतेचे पवित्र गीत, लिडियन स्वरग्रामात. तो तेव्हा पूर्ण बहिरा होता, हे पुन्हा सांगण्याची गरज नाही.

हा लिडियन ग्राम म्हणजे काय असे सरांना विचारले तेव्हा त्यांनी पेटी ओढली आणि सा रे ग म वाजवले; मध्यम तीव्र. “हा तर आपला कल्याण थाट!” मी म्हणाले. सर म्हणाले, “स्वर तेच, पण यमन शोधू नका. यमनात सा घरात बसलेला असतो. इथे तो घरात आहे की नाही याचीच शंका येत राहते.” ऐकताना ते पटले. अगदी संथ, जुन्या प्रार्थनेसारखी चाल. सूर एकमेकांचा हात धरून चाललेले, आणि दर ओळीच्या शेवटी आपण नेमके कुठे पोचलो हे न कळणारे. दुखण्यातून उठलेल्या माणसाला आपलेच घर थोडे परके वाटते, तसे. मग एकाएकी लय बदलते, आणि तिथे बेथोवनने लिहून ठेवले आहे की नवी शक्ती जाणवते आहे. सुरांना कंप सुटतो, उडी मारावीशी वाटते, पाय अजून तितके धड नाहीत. पुन्हा प्रार्थना, पुन्हा शक्ती, पुन्हा प्रार्थना. असे पाच भाग. प्रार्थना प्रत्येक खेपेला अधिक विणली जाते, आणि अखेरीस जवळजवळ नुसता श्वास उरतो.

ऑल्डस हक्स्लेने १९२८ च्या ‘पॉइंट काउंटर पॉइंट’ या कादंबरीत याचा मोठा विलक्षण उपयोग केला आहे. स्पँड्रेल हे पात्र मित्रांना याची तबकडी ऐकवते. देव आहे याचा पुरावा म्हणून. आणि त्याच प्रसंगात त्याचा खून होतो. कादंबरीकार म्हणून मला हक्स्लेच्या धाडसाचा हेवा वाटतो. वाचक म्हणून मात्र वाटते की या संगीताकडून त्याने चुकीचे काम करून घेतले. ते पुरावा देत नाही. ज्याला पुरावा हवा आहे तो आभार कसले मानणार? बेथोवनला देव सिद्ध करायचा नव्हता. त्याला दोन घास पचू लागले होते. मला तर या भागाइतकेच प्रेम त्याने त्याच सुमारास डॉक्टरांना लिहून दिलेल्या एका चिमुकल्या, थट्टेखोर गाण्याचे वाटते. वैद्याने मृत्यूला दाराबाहेर ठेवावे आणि सुरांनीही अडचणीला धावून यावे, असा त्यात शब्दांचा खेळ आहे. देवाला पंधरा-वीस मिनिटे आणि डॉक्टरांना विनोद: वाटणी योग्य झाली. पुढे दोन वर्षेही त्याला लाभली नाहीत. २६ मार्च १८२७ ला तो गेला. त्यामुळे त्या आभारांत काही उणे होत नाही.

मला विचाराल तर तिन्हींत सर्वांत थोर बेथोवन, सर्वांत प्रामाणिक डन, आणि पुन्हा पुन्हा उघडावेसे वाटते ते नारायणीय. त्यात सरसनीरस पुष्कळ आहे. पण घरातल्या माणसासारखे ते रोज थोडे चालते.

मार्गशीर्षात सासूबाईंचा नवस फेडायला आम्ही कोल्हापूरला अंबाबाईला गेलो. रांगेत त्यांच्या पिशवीत मी सहज पाहिले तर खण दोन होते, नारळही दोन. मला वाटले, एक जाऊबाईंसाठी असेल. देवीसमोर त्यांनी पहिली ओटी माझ्याकडून भरवली. मग दुसरा खण काढला, त्यावर तांदूळ ठेवले आणि मला म्हणाल्या, “ही त्या खिचडीवाल्या बाईंची. त्यांचं नाव ठाऊक आहे का तुला?” मला ठाऊक होते. मी ते घेतले. गर्दी होती, मागचे लोक ढकलत होते, पुजाऱ्यांनी ‘पुढे चला, पुढे चला’ म्हटले. बाहेर येऊन आम्ही ओवरीत बसलो आणि त्यांनी पेढ्याचा पुडा सोडला.

जाता जाता एक सूचना. ज्यांना नारायणीय वाचावेसे वाटेल त्यांनी घाईने शंभरावे दशक आधी काढून वाचू नये. छापील प्रतींत ते स्वतंत्रपणेही मिळते आणि म्हणायला गोड आहे, म्हणून मोह होतो. पण दिवसाला एक, असेच जावे. मधल्या कंटाळवाण्या दशकांसकट. मी दुसऱ्यांदा वाचते आहे आणि सध्या एकोणचाळिसाव्यापाशी आहे.